यशवंतराव साळवे आणि मिठाचा केक

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी आम्ही चर्चमध्ये मेणबत्त्यांचे चक्र मांडत होतो, तेव्हा साळव्यांच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला. "अंकल, पापा नहीं रहे." तिला मराठी सगळे कळते, बोलते मात्र हिंदीत. हातातली जांभळी मेणबत्ती मी खाली ठेवली. मनात पहिल्यांदा आले ते दुःख नव्हते. आता सांगायचे कुणाला, हा प्रश्न आला…

डॉ. यशवंत साळवे मूळचे नगर जिल्ह्यातले, लखनौच्या एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ. मी रेल्वेत इंजिनियर, मीही तिकडचाच. इथल्या चर्चच्या हिंदी मंडळीत मराठी बोलणारे पुरुष आम्ही दोघेच, त्यामुळे तीस वर्षांत आमची मैत्री जास्त झाली की भांडणे, हे ठरवणे अवघड आहे. त्यांच्या शोकसभेत जे बोलले गेले ते मला मान्य नाही. एक वक्ते म्हणाले, शेवटची सात वर्षे साळवेसाहेबांना विसर पडू लागला होता. दुसरे म्हणाले, मंडळीतली कामे त्यांनी आपण होऊन सोडली. तिसऱ्यांनी मिठाच्या केकचा किस्सा रंगवून सांगितला आणि सभा हसली. शोकसभेत हसू नये असे माझे म्हणणे नाही. ज्या गोष्टीने माणूस मोडला तिच्यावर हसू नये, एवढेच आहे. शिवाय किस्सा सांगणारे त्या दिवशी बेकरीत नव्हते. मी होतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवे की इथली ख्रिस्ती कुटुंबे नाताळचा केक विकत आणत नाहीत. मैदा, लोणी, अंडी, महिनाभर रममध्ये मुरवलेला सुकामेवा, पेठा, सगळे घरून बेकरीत न्यायचे, आपली पाळी आली की समोर बसून कालवून घ्यायचे आणि भट्टीतून निघेपर्यंत हलायचे नाही. मंडळीतल्या आजारी आणि एकट्या माणसांसाठी असाच एक सामाईक केक होई आणि त्याचे वजनमाप साळव्यांकडे असे. घरच्या काट्यावर ते एकेक जिन्नस तोलत, वहीत लिहीत, मग पुन्हा तोलत. त्यांच्या या सोवळ्याचा मला राग येई, हे मी लपवत नाही.

२०११ च्या डिसेंबरात आम्ही दोघे आलमबागेतल्या बेकरीत बसलो होतो. पिठीसाखरेच्या चार कापडी पिशव्या त्यांनी आणल्या होत्या. भट्टीच्या धुराने त्यांना दम लागला, म्हणून ते बाहेर मोकळ्या हवेत गेले. जाताना म्हणाले, "वसंतराव, साखर मी आल्यावर. तोवर हात लावू नका."

"मी पूल बांधलेत, साहेब. साखर ओतता येते मला."

"पूल गोड नसतात," असे म्हणून ते हसत बाहेर पडले.

दहा मिनिटे झाली. आमच्या मागे दोन कुटुंबे पाळीसाठी खोळंबली होती. बेकरीवाले रफीकभाई अंडी फेटत होते. टेबलावर हाताशी असलेल्या चार पिशव्या मी परातीत रिकाम्या केल्या. खारी बिस्किटे त्याच टेबलावर बनत. मी ओतलेल्या चारांतली एक, तशीच कापडी पिशवी, बेकरीच्या मिठाची होती. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

रविवारी उपासनेनंतर केक वाटला गेला. पहिला घास घेतलेल्या म्हातारीने तो रुमालात काढला. मग सगळ्यांनीच काढला. कोणीतरी म्हणाले, "साल्वे साहब अब बूढ़े हो गए." साळवे पांढरेफटक पडले होते. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "माझ्याच हातून भरलं गेलं असेल." मी म्हणालो, "होतं असं, वयात."

सोमवारी बेकरीतून घरी आणलेला सामानाचा थैला रिकामा करताना तळाशी साळव्यांची चौथी पिशवी निघाली, बांधलेली, भरलेली. मी मंडळीचा सचिव होतो. एक फोन करायचा होता. केला नाही. ती साखर आमच्या घरी चहात संपली. आपल्या मिठाची पिशवी गेली हे रफीकभाईंच्या लक्षात आले असेल, पण त्यांना कोणी विचारले नाही. विचारणे माझे काम होते.

पुढच्या वर्षी समितीने वजनमाप त्यांच्याकडून काढून माझ्याकडे दिले, म्हणजे ते त्यांनी आपण होऊन सोडले नाही. सात नाताळ मी ते केले, आणि माझी स्तुती झाली. उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचणे मात्र त्यांनी स्वतः बंद केले, कारण वाचलेली ओळ वाचली की नाही याची त्यांना खात्री वाटेना. डॉक्टरांनी तपासून काही दोष नाही असे सांगितले, तर त्यांचा डॉक्टरांवर विश्वास बसेना. स्कूटर विकली. सही करण्याआधी सुनीताला हाक मारू लागले. शेवटच्या वर्षी ते खरेच थोडे विसरत होते, मी नाकारत नाही. पंच्याऐंशीव्या वर्षी मीही विसरतो. पण सात वर्षे विसरत होते हे खोटे आहे. सात वर्षे ते घाबरलेले होते.

ऑक्टोबरात विकास नगरच्या त्यांच्या घरी आमची शेवटची भेट झाली. मधेच त्यांनी विचारले, "वसंतराव, त्या दिवशी मी चारही पिशव्या साखरेच्याच भरल्या होत्या ना हो? मला चारही आठवतात."

मी म्हणालो, "जाऊ द्या हो आता ते…"

त्यांनी मान डोलावली आणि विषय सोडला. इतक्या सहजपणे त्यांनी माझ्यापुढे कधी हार मानली नव्हती.

हा लेख पाठवण्यापूर्वी मी तो सुनीताला तिच्या स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवला. संपल्यावर ती उठली आणि फडताळातून काचेच्या दोन बरण्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "रोज़ सुबह चखते थे, अंकल. नाश्ते से पहले. हम लोग हँसते थे."

दोन्ही बरण्यांवर त्यांच्या बारीक, सरळ अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, खाली प्रयोगवहीत करावी तशी सही आणि ते गेले त्या आठवड्यातली तारीख. एकीवर लिहिले होते, 'साखर. चाखून पाहिली.' दुसरीवर, 'मीठ. दोनदा चाखून पाहिले. तरी सुनीताला विचारावे.'