दातांनी दाबलेलं शिसं

पाचूबंदरच्या क्लेमेंटने जन्मभर जाळ्यांना लावायच्या शिशाच्या गोळ्या ओतल्या, त्याही घरातल्या चुलीवर. पोरं त्याच गोळ्यांनी खेळायची, तोंडात घालायची. आपल्याकडे कोण कशाला तपासतंय!

यंदा मुलगी नताशा दोन वर्षांच्या लेकीला घेऊन चार महिने माहेरी राहिली आणि अमेरिकेला परतली. ती राहते तिथे एवढ्या वयाच्या मुलांचं रक्त तपासून घ्यावंच लागतं, कायदाच आहे तसा. आठवड्याभरात तिचा फोन आला.

"पप्पा, बेबीच्या रक्तात शिसं निघालं. त्याने मुलांची बुद्धी खुंटते म्हणे. नशीब, वेळेवर कळलं."

क्लेमेंटने फोन ठेवला आणि अंगणात पाहिलं. त्याचा धाकटा, गॉडफ्रे, तिशी उलटली तरी त्याला घड्याळ कळत नव्हतं. बेचा पाढा येईना म्हणून क्लेमेंटने त्याला किती वेळा बदडून काढलं होतं.

गॉडफ्रे मान खाली घालून मऊ गोळी दातांनी दाबून जाळ्याच्या दोरीवर बसवत होता. बापाने शिकवलेली तेवढी एकच गोष्ट त्याला पक्की जमली होती.