रशीदचाचांनी ओळखलेली गादी

रशीदचाचांच्या सलमाचा फोन आला तेव्हा मी आखाडा बाळापूरला एसटीची वाट बघत उभी होते. "अब्बा गेले, ताई," ती म्हणाली. आणि लगेच, "गावात माती देऊ नका म्हणून सांगून ठेवलं होतं त्यांनी. हिंगोलीतच दिली." मी कारण विचारलं नाही. ते मला माहीत होतं… त्यात माझाही हात होता.

रशीदचाचा पिंजारी. कळमनुरी तालुक्यातल्या त्या गावात आजोबांपासून कापूस पिंजून गाद्या भरायचं त्यांचं काम. दंगलीत त्यांच्या गल्लीतली घरं आधी लुटली, मग जाळली. माणसं हिंगोलीला पळाली आणि दोन वर्षं भाड्याच्या खोल्यांत राहिली. परतणाऱ्यांचा रोजगार पुन्हा उभा करणं हे आमच्या संस्थेचं काम. चाचा यायला तयार नव्हते. "हितं मजुरी मिळून राहिली, ताई. तिथं आता कोन देईल मला गादी?" मी म्हणाले, "गाद्या सगळ्यांच्याच दबतात. येतील." पत्र्याची शेड दिली, पिंजायचं यंत्र दिलं आणि त्यांना परत आणलं.

लोक आले. आधी दोघं-तिघं, मग रांग. चाचांची एक सवय होती. गादी उसवताना ती कुणाची, कधी भरली, हे ते मोठ्यानं सांगायचे. "ही तुझ्या सासूनं पहिल्या बाळंतपनाला भरून घेतली. हा डाग तुझ्या नवऱ्याचा, सहा महिन्यांचा होता तवाचा." बाया हसून लोळायच्या. "चाचा, तुमी तर गाद्यांचे तलाठी!" खोळीवरून, टाक्यावरून ओळखायचे. चूक होत नसे. मला वाटलं, जमलं. बाहेरचे पाहुणे आले की मी त्यांना हीच शेड दाखवायचे.

एक दिवस मी तिथं बसले असताना वरच्या गल्लीतली शोभा गादी घेऊन आली. आणखी चार बाया बसलेल्या. चाचांनी ब्लेडनं शिवण उसवली आणि नेहमीच्याच सुरात बोलून गेले, "ही आमच्या सलमाच्या लग्नाची. ही निळी पट्टी तिनंच पसंत…"

हात थांबला. यंत्र चालूच होतं. शोभा उठली, अर्धी उसवलेली गादी काखेत मारली आणि कापूस सांडत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून शेडकडे कुणी फिरकलं नाही. एकटी शोभाच नव्हती ना. लुटीतलं कुणाच्या घरात काय गेलंय हे ज्याचं त्याला ठाऊक, आणि ओळखणारा माणूस मीच गावात आणून बसवला होता.

मी चाचांना म्हणाले, "घरोघर जाऊ. सांगा, नजर चुकली."

"गादी माझी गेली, आन् माफी बी मीच मागू?"

"काम हवं असेल तर मागा."

त्यांनी मागितली. सत्तरीचा माणूस, दारोदार, मी सोबत. शोभाच्या सासूनं उंबऱ्यातूनच ऐकवलं, "दिसत न्हाई तर पिंजायचं काम काहून करून राहिला? गादीत सुई राहिली तर लेकराला टोचंल." चाचा हसले. महिनाभरात गावानं तेच कारण धरलं : म्हाताऱ्याला दिसत नाही. थंडीत त्यांनी शेडला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि हिंगोलीला लेकीकडे गेले. पुन्हा त्यांनी एकही गादी उसवली नाही.

सलमाचा तो फोन आल्यावर मी यंत्र हलवायला गावात गेले. शोभाच आडवी आली. "ताई, मशीन नेऊ नका. गाद्या लई दबल्यात. मानूस आना, पन बाहेरगावचा."

मी आणला. यंत्र बंद ठेवून चालणार नव्हतं. आठवड्यात शेड भरली. खोळी मात्र सगळ्यांना नव्या हव्या होत्या. जुन्या कुणीच परत नेईना. कोपऱ्यात ढीग झाला.

परवा सलमा बापाची अवजारं न्यायला आली. ढिगाजवळ थांबली, खाली बसली आणि एकेक खोळ ओढून बाजूला ठेवू लागली. चार निघाल्या, त्यांतली एक निळ्या पट्टीची. तिनं त्यांच्या नीट घड्या घातल्या. घड्या हातात घेऊन ती उभी राहिली. नव्या माणसाला वाटलं, ती परवानगीसाठी थांबलीय.

"न्या की," तो म्हणाला. "मशीन पुसायला अजून लई हायत."