वाघरीत अडकलेलं समुद्राचं पाखरू

मी चौथी पास होऊन घरी बसले होते, तेव्हाची गोष्ट. त्या आषाढात पश्चिमेकडून असं वारं सुटलं की सोलापूरच्या आमच्या माळावर माणूस उभं राहीना. वाऱ्याबरोबर थंड पावसाची झड. मेंढरं वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कोंडाळ्यात, एकमेकांना चिकटून उभी होती. सकाळी मी भाकरी घेऊन गेले तर एक कोकरू मरून पडलेलं, आणि जाळीत एक काळं पाखरू अडकलेलं.

चिमणीहून थोडं मोठं. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, चोचीवर बारकी नळी, काडीसारखे पाय आणि बोटांमध्ये पिवळं कातडं. हातात घेतलं तर माझ्या चोळीवर ओकलं. सुकटीच्या तेलासारखी घाण. तो वास धुऊनही गेला नाही.

चुलती ओरडली, "टाक ते, भवाने! रातचं आलंय, काळं हाय, पायावर हुबं ऱ्हात न्हाय. ह्येनंच कोकरू खाल्लं."

आमच्यात रोगराई आली की काळं कोंबडं कळपावरून ओवाळून उतरायचं आणि शिवेवर जिवंत पुरायचं. चुलती बापाला म्हणाली, "भावजी, सांजच्याला ह्येलाच पुरा की. कोंबडं बी वाचंल."

बाप म्हणाला, "व्हय, पुरू."

मी म्हणाले, "कोकरू गारठून मेलंय. ह्या मुठीएवढ्या जिवानं काय केलं?"

"चार बुकं शिकली, लई शानी झाली!" चुलती फणकारली.

"शानी न्हाय. पन डोळं हायेत की मला."

एरवी माझ्या अशा बोलण्यावर बाप हसायचा, आज हसला नाही. म्हणजे संध्याकाळी पाखरू पुरलं जाणार, हे पक्कं.

मी ज्वारी टाकली, त्यानं बघितली नाही. जमिनीवर ठेवलं तर गुडघे टेकल्यासारखं बसलं आणि फरपटत राहिलं. मग मी त्याला मेंढरांच्या पाण्याच्या घमेल्यात सोडलं. पंख पसरून ते पाण्यावर उभं राहिलं आणि पायांनी पाणी थोपटू लागलं. लंगडं बिंगडं काही नव्हतं. त्याला आमची जमीन लागत नव्हती, एवढंच.

मी त्याला ओच्यात घातलं आणि हिप्परग्याच्या तलावाची वाट धरली. बांधावर चढून वाऱ्याकडे तोंड करून हात उघडला. आधी ते खाली गेलं, मला वाटलं बुडालं. पण पाण्याला पाय लावत, चालल्यासारखं करत ते लाटांवरून गेलं, आणि मग दिसेनासं झालं.

पुष्कळ वर्षांनी नातीच्या पुस्तकात त्याचं चित्र मी ओळखलं. वादळी पाखरू. सगळा जन्म समुद्रावर काढतं, लाटांवर पाय मारत बारीकसारीक वेचून खातं, खारं पाणी पितं आणि त्यातलं मीठ नाकाच्या नळीतून टाकतं. जमिनीवर येतं ते फक्त अंडं घालायला, तेही लांबच्या थंड मुलखात, कपारीत नाहीतर बिळात, अंधार पडल्यावर. आमच्याकडे ते आलं नव्हतं, वाऱ्यानं आणून टाकलं होतं. हिप्परग्याहून समुद्रापर्यंत पोचलं की नाही, मला माहीत नाही. पोचलंच, असं मी सांगणार नाही.

घरी आले तर चुलती हळद-कुंकवाचं ताट घेऊन बसलेली.

"कुटं हाय पाखरू?"

"सोडलं."

बापानं निरगुडीचा फोक काढला आणि माझ्या पाठीवर ओढला. मी रडले नाही, कारण रडले असते तर चुलतीला बरं वाटलं असतं. त्याच संध्याकाळी काळं कोंबडं उतरून शिवेवर पुरलं. झड काही थांबली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक कोकरू मेलं.

चुलती म्हणाली, "बघ, तुज्या पायी."

मी म्हणाले, "पाखरू तर गेलं. कोंबडं बी पुरलं. आता कुनाला पुरायचं, तुला?"

पुन्हा फोक बसला. बसू दे. बाप फोक टाकून उठला आणि वाघरीवर घोंगड्यांचा आडोसा बांधू लागला.