आधी फोटो, मगे बांगडो!

काही घरांत रिकाम्या बरण्या साठतात, माझ्याकडे किस्से साठलेत! मुंबईच्या एजन्सीत फूड-लाइफस्टाइल पी.आर. करून मी मालवणात परतले आणि इथल्या खानावळी, होमस्टे यांची प्रसिद्धी करू लागले. पी.आर. म्हणजे काय, हे आई शेजाऱ्यांना एका दमात सांगते, "दुसऱ्यांच्या जेवणाची बढाई मारूक आमच्या चेडवाक पगार गावता!"

*

पहिले क्लायंट, होमस्टेवाले भाऊ. मी झोकात प्रेसनोट वाचून दाखवली, "भाऊंची सिग्नेचर डिश, बांगड्याचं तिखलं!"

भाऊ गंभीर झाले. खिशातून पेन काढलं.

"बाय, सही खंय करूची? माशार, काय ताटार?"

*

सुमनकाकींच्या खानावळीत पुण्याची एक इन्फ्लुएन्सर आली. ताट समोर, पण जेवेल तर शपथ! वरून फोटो, बाजूने फोटो, सोलकढीसोबत सेल्फी. वाफ दिसावी म्हणून बांगड्याचं कालवण परत गरम करायला पाठवलं. मग पुन्हा एकदा. शेवटी काकींनी ताटच उचललं आणि समोर बसल्या.

"फोटोंनी पोट भरला मां तुझा? मगे बांगडो मी खातंय!"

आणि खाल्ला! पोरीने तेच शूट केलं. माझ्या अख्ख्या करिअरमध्ये एवढी चाललेली रील दुसरी नाही!

*

कुडाळच्या बाजारात कोकम सरबताचा स्टॉल लावला होता. पाटीवर मीच लिहिलेलं, 'डिटॉक्स'. एका बाईने विचारलं, "ह्या काय गो?"

"शरीरातलं वाईट असेल ते सगळं बाहेर काढतं!"

बाई पिशव्या घेऊन मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळली.

"अहो, हयसर येवा. दोन गिलास पिया!"

*

एका चॅनलची अँकर आमच्या दाजींची मुलाखत घेत होती. दाजी जन्माचे मच्छीमार. सूर्य टेकलेला, फ्रेम अशी की विचारू नका!

"दाजी, जाळं रिकामं आलं की मनात पहिलं काय येतं?"

दाजी समुद्राकडे बघत राहिले. कॅमेरा जवळ सरकला. अँकरचे डोळे पाणावले.

"कोंबडी," दाजी म्हणाले.

*

आणि सुमनकाकींच्या खानावळीच्या नव्या जागेचं उद्घाटन! होतं नव्हतं ते सगळं त्यांनी त्या जागेत घातलेलं. मुंबईचे ब्लॉगर्स कुडाळ स्टेशनवरून बसने येणार होते. बसवर बॅनर, बॅनरवर माझा नंबर. काकी पहाटेपासून चुलीशी. जेवायची वेळ टळली तरी बसचा पत्ता नाही. काकींच्या तोंडाकडे बघवेना. मी फोन लावला.

"अगं, आम्ही कधीच जेवलो! काय हॉस्पिटॅलिटी! थीमसाठी नवरा-नवरी पण ठेवलेत!"

माझ्या पायाखालची वाळू सरकली. वाटेत कट्टा गावाला मांडव दिसला, तशी ही मंडळी उतरून थेट लग्नाच्या पंगतीला बसली होती!

काकींनी फोन ओढून घेतला. "मासे होते?"

"नाही, व्हेज होतं."

"मगे तुमी जेवलास खंय? येवा बघू!"

बस आली. ब्लॉगर्स उतरले आणि त्यांच्यामागून... वऱ्हाड! "हेंनी सांगल्यानी, हयसर मासे आसत!" ताटं कमी पडली, केळीची पानं काढली. काकी हसतायत, रडतायत आणि सुरमई तळतायत!

तेवढ्यात माझा फोन वाजला. कट्टा गावातून, नवरीचे वडील.

"बाय, बॅनरवर नंबर वाचलंय म्हणान फोन केलंय. आमचो नवरो तुमच्या बशीत चढलो काय?"