भुसा, वाकळा आणि दुपारचा खेळ

झाडलोट मला लहानपणापासून आवडत नाही. स्वयंपाक आवडतो, बाजाराला जायला आवडतं, धुणं वाळत घालायलाही आवडतं. पण केरसुणी हातात आली की अंग जड होतं. रोज तोच केर, त्याच कोपऱ्यातला, आणि काढला तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. माहेरी नेसरीला आम्ही बऱ्याच बहिणी होतो, त्यामुळे माझी पाळी टळायची. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा टाळायला कुणी उरलं नाही.

संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन थोडेच दिवस झाले होते. माझे यजमान कचेरीत कारकून होते आणि मी मुलींच्या शाळेत सकाळी शिकवत होते. मंगळवार पेठेत माडीवरच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. खालून दिवसभर बैलगाड्या आणि टांगे जायचे, त्यांची धूळ खिडकीतून आत यायची आणि शहाबादी फरशीवर पिठासारखी पसरायची. शाळेतून आल्यावर मी झाडायची, तर निम्मी धूळ वर उडून भांड्यांवर बसायची. मग भांडी पुसा. भांडी पुसून होतात तोवर दिवेलागण व्हायची आणि वाचायला आणलेलं पुस्तक तसंच उशाला राहायचं.

सोय सापडली ती चुकून. आमच्याकडे भुशाची शेगडी होती. लाकडाच्या वखारीतून पोतंभर भुसा आणायचा, तो शेगडीत ठासून भरायचा आणि मधल्या भोकातून पेटवायचा. एक दिवस भुसा भरताना माझ्या हातातून घमेलं निसटलं. भुसा खोलीभर झाला, आणि तो आवरायला धावले तर पायाचा धक्का लागून पाण्याचा तांब्याही उपडा झाला. वैतागून मी ते सगळं झाडून एकत्र केलं, आणि बघते तर खालची फरशी काचेसारखी स्वच्छ. ओल्या भुशानं धूळ धरून ठेवली होती. एक कणही उडाला नव्हता. त्या दिवसापासून मी मूठ-मूठ भुसा पाण्यात भिजवायची, पिळून फरशीवर टाकायची आणि एका दमात दाराकडे लोटत न्यायची. पुसायचं कामच उरायचं नाही.

एकदा अशी चटक लागल्यावर मी घरातली सगळी कामं त्याच नजरेनं बघायला लागले. लग्नात आलेली पितळी भांडी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली आणि रोजच्या वापराला मोजकीच ठेवली. फळ्यांवर रद्दी पसरली. मळली की ती काढायची आणि दुसरी घालायची, फळी धुवायची नाही. जेवण झालं की ज्यानं त्यानं आपलं ताट राखेनं घासून पालथं घालायचं, असा नियम केला. यजमानांनी पहिल्या दिवशी माझ्याकडे नुसतं बघितलं. पण त्यांना संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जायची हौस होती आणि ताट घासलं की आपण लवकर निघतो हे त्यांच्या लक्षात आलं. मग ते माझंही ताट घासायला लागले. मात्र दार लावून.

असं सगळं मजेत चाललेलं असताना आजऱ्याहून माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आजऱ्याला थोरल्या दिरांचं मोठं घर, गोठा, भाताची खळी. आणि त्या घराचा उंबरा आत्याबाई रोज उजाडायच्या आत सारवतात असं मी ऐकून होते. त्या यायच्या आदल्या दिवशी मी माळ्यावरची पितळी भांडी खाली काढली, चिंच लावून लखलखीत केली आणि यजमानांना ताट न घासण्याची ताकीद दिली. भुसा शेगडीपुरताच ठेवला.

मग आठवडाभर मी आदर्श सून होते. पहाटे उठून झाडायची, पुसायची, शाळेला पळायची, येऊन पुन्हा झाडायची. आत्याबाई भिंतीला टेकून बसायच्या आणि माझ्याकडे बघत राहायच्या. त्यांच्या त्या बघण्यानं मी अजून जोरात झाडायची, अजून धूळ उडायची आणि मला शिंका यायच्या.

एक दिवस शाळा लवकर सुटली. जिना चढून आले तर दार उघडं, आणि आत आत्याबाई लुगड्याचा काचा मारून उभ्या. खोलीभर भुसा. तोही भिजवलेला नव्हे, पार चिखल केलेला. फरशीला, भिंतीला, त्यांच्या पायांना, सगळीकडे चिकटलेला. मी दारातच थांबले. हे काय चाललंय ते मला कळेना.

त्या म्हणाल्या, "खालच्या मालकीणबाईनं सांगितलं, तू भुशानं लोटतीस म्हणून. मला बी करून बघायचं होतं. पाणी लई झालं की गं."

मी घाबरत म्हणाले की तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं, म्हणून बंद केलं. तशा त्या हातातली केरसुणी टाकून मटकन त्या भुशातच बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. हसू आवरल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"मला झाडलोट कधी गोड वाटली न्हाय," त्या म्हणाल्या. "जल्म गेला त्यात. पर मला कुणी इचारलंच न्हाय, तर सांगू कुणाला? तू असली जीव तोडून झाडतीस, मला वाटलं ही आपल्यापैकी न्हाय."

मग आम्ही दोघींनी तो चिखल खरवडून काढला, आणि किती भुशाला किती पाणी ते मी त्यांना दाखवलं. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे पण बोटांतून पाणी गळता कामा नये. त्यांनीही आपली एक युक्ती मला दिली. चुलीवर भांडं चढवायच्या आधी त्याच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा हात फिरवायचा. काजळी त्या राखेवर बसते आणि घासताना सगळी एकदम निघून येते. लहान होत्या तेव्हापासून त्यांना हे ठाऊक होतं, पण आजऱ्याला त्यांच्या नणंदेला ते खपायचं नाही. भांडं घासताना मनगट दुखलं पाहिजे, असं तिचं मत.

वाचलेल्या वेळाचं काय करायचं हे आत्याबाईंनी आधीच ठरवलं होतं. त्यांना सिनेमाचं विलक्षण वेड होतं. आजऱ्याला कधीतरी तंबूतला सिनेमा यायचा आणि तोही घरचं आवरून पोचेपर्यंत अर्धा संपलेला असायचा. कितीतरी सिनेमांची सुरुवात त्यांनी बघितलीच नव्हती. ती त्या मनानं रचायच्या. आता कोल्हापुरात चालत जाण्याच्या अंतरावर थिएटर होतं, आणि तिथं दुपारच्या खेळाला बायकांसाठी वेगळी जागा होती. मी शाळेतून आले की जेवायचं, भुसा टाकायचा, लोटायचा, राख लावलेली भांडी घासायची आणि निघायचं. पडद्यावर पहिलं चित्र यायच्या आधी आपण बसलेलो असलो पाहिजे, एवढा एकच हट्ट. पहिल्यांदा सुरुवात बघायला मिळाली तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि सगळा सिनेमाभर सोडला नाही.

नवरात्राला घट बसायच्या आधी आमच्याकडे सगळं घर धुऊन काढतात. डबे, भांडी, अंथरुणं, काहीही सोडायचं नाही. त्या वर्षी आम्ही दोघींनी रोज एकच फळी किंवा एकच कोपरा घ्यायचा आणि तो झाला की थांबायचं असं ठरवलं. काम निम्म्यावर आलं होतं. एका दुपारी आम्ही लुगडी बदलून, केसांत फुलं माळून जिन्याकडे निघालो, तर समोरून ट्रंक घेतलेल्या हमालामागून मावळण वर येत होत्या.

मावळण म्हणजे यजमानांची आत्या, आत्याबाईंची ती नणंद. त्या आता इचलकरंजीला मुलाकडे राहत होत्या. मुलाचे माग होते, आणि मागावरून उडणाऱ्या कापसाचा एक तंतूही आपण घरात टिकू देत नाही हा त्यांचा अभिमान. आत आल्या, पाणी प्यायल्या आणि बोट वरच्या फळीवरून फिरवलं. ती फळी उद्याची होती. बोट काळं झालं. त्यांनी ते बोट आत्याबाईंपुढे धरलं.

मी पदर खोचून केरसुणीकडे वळले. पण आत्याबाईंनी मला दंडाला धरून थांबवलं.

"वन्सं," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "आम्ही शिनिमाला निघालोय. तुमी येताय का फळी पुसत बसताय?"

एवढ्या वर्षांत नणंदेला असं बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असणार. मावळणींनी बोटाकडे बघितलं, मग आमच्या केसांतल्या फुलांकडे. खेळाची सुरुवात चुकणार या काळजीनं आत्याबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. शेवटी मावळणींनी ते बोट लुगड्याला पुसलं आणि विचारलं, "कुठला हाय?"

त्या दिवशीचा सिनेमा रडका होता. मावळण मध्यंतरापर्यंत ताठ बसल्या होत्या. मध्यंतरानंतर हुंदका आला तो त्यांचाच, आणि तो सगळ्या बायकांच्या जागेत ऐकू गेला. परत येताना त्यांनी आम्हाला भजी खाऊ घातली. घरी आल्यावर फळीचं नाव कुणी काढलं नाही. रात्री जेवताना यजमानांनी सवयीनं आपलं ताट उचललं आणि मावळणींना बघून तसेच थबकले. मावळणींनी आपलंही ताट त्यांच्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. वाकळा धुवायच्या राहिल्या होत्या. जुन्या लुगड्यांच्या त्या जाड गोधड्या भिजल्या की दोघींनाही उचलत नाहीत. मला त्या कामाची सगळ्यांत धास्ती होती. मावळण म्हणाल्या, आज माझं ऐका. यजमानांच्या सायकलवर वाकळांचा डोंगर लादून त्यांनी आम्हाला पंचगंगेच्या घाटावर नेलं. रिठ्याच्या पाण्यात भिजवलेली वाकळ त्यांनी पाण्यातल्या सपाट दगडावर पसरली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि वर उभ्या राहून पाय आपटायला लागल्या. हातानं आपटायचं नाही, पिळायचं नाही. आम्ही दोघी त्यांच्यासोबत चढलो. तिघी एकमेकींचे खांदे धरून तुडवत होतो, पायाखालून काळं पाणी निघून नदीत जात होतं, आणि मावळण ठेक्यावर जात्यावरच्या ओव्या म्हणत होत्या. शेजारच्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. त्यातली एक आपली वाकळ घेऊन आमच्यात आली.

वाकळा घाटाच्या पायऱ्यांवर वाळत घातल्या आणि भाकरी-पिठलं खाल्लं. वर मिरचीचा खर्डा होता. ऊन मऊ होतं. वाळत आलेल्या वाकळेवर आत्याबाई आधी कलंडल्या, मग मावळण, मग मी. जाग आली तेव्हा आम्ही घाटावर लावून ठेवलेली सायकल धरून यजमान उभे होते. आम्हाला शोधत ते सगळा घाट हिंडले होते.

मावळणींनी डोळे न उघडताच त्यांना सांगितलं, "अजून ओल्या हायत. तासाभरानं ये."

ते सायकल पायरीला टेकवून आमच्याशेजारीच बसले आणि उरलेली भाकरी खाऊ लागले.