मामांच्या इंजिनाचा रंग

रंगाच्या बाबतीत माझ्या बायकोच्या मामांना फसवेल असा माणूस नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत अजून जन्मायचा आहे. नांदेडच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर जुन्या वाफेच्या इंजिनांच्या हातभर लांबीच्या प्रतिकृती बनवायच्या आणि इंजिन ज्या काळातलं, त्या काळी त्याच्या अंगावर जो रंग होता तोच द्यायचा, असा उद्योग त्यांनी आरंभला. इंजिन चार महिन्यांत तयार होतं, रंग ठरायला चार वर्षं जातात. आमची सोयरीक जुळत होती तेव्हा बाकीच्यांनी माझी नोकरी विचारली. मामांनी विचारलं, "तुमच्या गावच्या स्टेशनाचा रंग कोणता हाय?" मी म्हणालो, पिवळा. "कोणता पिवळा?" मी घाबरून म्हणालो, अर्धापूरच्या केळ्याचा. मामा पुढे सरकले. "नुकत्या पिकलेल्या, का ठिपके पडलेल्या?" नुकत्या पिकलेल्या, मी ठोकून दिलं. "पोरगा बघून चालणारा हाय," असं म्हणून त्यांनी होकार देऊन टाकला. मी त्या स्टेशनाकडे नीट पाहिलं ते लग्न झाल्यावर.

जुनं लोखंड दिसलं की मामांचा अंगठा शिवशिवतो. खिशात भिंग आणि बोथट पातं कायम असतं. एका साखरपुड्यात ते मांडवातून नाहीसे झाले आणि फाटकापाशी उकिडवे बसून त्याचा रंग खरवडताना सापडले. "खाली हिरवा, त्याच्याखाली शेंदरी," त्यांनी यजमानांना आनंदाने सांगितलं. हिरवा कुणी लावला आणि शेंदरी का झाकला यावरून त्या घरातल्या दोन भावांची अशी जुंपली की अंगठी राहिली बाजूला. मामी म्हणतात, "जावईबापू, ह्यांना चारचौघांत न्यायची चोरी झालीय. लोक अक्षता टाकून राहिले अन् हे पोपडे काढून राहिले." पण ह्याच मामीने पावडरचे रिकामे डबे धुऊन जपून ठेवलेले मी पाहिले आहेत. त्यांतूनच इंजिनांची धुराडी होतात.

मामांचा नियम कडक. रंगाला रेल्वेचा कागद पाहिजे, कागद नसेल तर दोन साक्षीदार, तेही वेगवेगळ्या गावांचे. एकदा एक इंजिन पूर्ण रंगवून झालं आणि तिसऱ्याच दिवशी कुठल्याशा निवृत्त स्टेशनमास्तरांचं पत्र आलं की हिरवा याहून गडद होता. मामांनी ब्रशही न आवरता सगळा रंग खरवडून काढला. कुणाला काय कळणार होतं, असं मी म्हणालो. "मला कळालं की," मामा म्हणाले. एवढा खरा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

फळीवर एकच इंजिन मात्र सहा वर्षं बिनरंगाचं, नुसतं पितळी होतं. लातूरच्या छोट्या लायनीवरचं. मामांचे वडील त्यावर फायरमन होते, भट्टीत कोळसा टाकायचे. मामा दोन वर्षांचे असताना ते गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. "बापाचं तोंड आठवत न्हाई, जावईबापू," मामा एकदाच म्हणाले, तेही पातं पुसता पुसता. "त्यांच्या इंजिनाचा रंग तरी चुकू नये." कागद काळा सांगत होता. पण लातूरच्या एका म्हाताऱ्या हमालाने ते इंजिन तांबडं पाहिलं होतं आणि तो काही केल्या मागे हटेना. मामा अडकून पडले.

शेवटी त्या इंजिनाच्या ड्रायव्हरची बायको शिरूर अनंतपाळला लेकाकडे असते, असा पत्ता लागला. मी मामांना घेऊन गेलो. म्हातारी नव्वदीच्या पुढची, पण आवाज खणखणीत. मामांनी ओळख सांगून रंग विचारला.

"काळंच व्हतं की," ती म्हणाली. "पर एका पोळ्याला तुझ्या बापाला सुट्टी गावली न्हाई. गावाकडं बैलं, अन् हा हितं कोळसा टाकून राहिला. जीव लागंना त्याचा. कुणाच्या तरी बैलाच्या शिंगाचा उरलेला तांबडा हिंगूळ आणला अन् इंजिनाच्या तोंडाभवती लावला. म्हनला, माझा बैल ह्योच. पोळीचा निवद बी दावला त्याला. आमचे मालक लई हसले. सांजच्याला धुरानं समदं काळं झालं बघ."

 मामा म्हातारीच्या पाया पडले आणि गाडीत येऊन बसले. आता एका दिवसाचा रंग कुठल्या कागदात सापडायचा? आणि तो द्यायचा तरी कसा? मी चाचरत म्हणालो, "मामा, बाकी तीनशे चौसष्ट दिवस काळंच होतं." ते म्हणाले, "हाव. पण त्या दिवशी ते त्यांचं होतं." वाटेत बाजारात उतरून त्यांनी हिंगुळाची पुडी घेतली.

आठ दिवसांनी बघायला गेलो. सगळं इंजिन काळंकुट्ट आणि तोंडाभोवती तांबडा पट्टा. पट्टा वाकडातिकडा, एका जागी ओघळलेला. हा माणूस फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ ओढायचा. वयाने हात कापायला लागला असावा, असं मला वाटलं. न राहवून विचारलंच.

"मुद्दाम वाकडा काढलाय," मामा म्हणाले. "गाडी सुटायची वेळ झाली असंल. घाई झाली असंल त्यांची."

मग बराच वेळ ते त्या ओघळाकडे बघत राहिले. पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या वडिलांचा हात दिसत होता.