साहेबांनी मुदतवाढ दिलेली आवृत्ती

आमच्या शिक्षण संस्थेत कामं कमी निपटतात आणि किस्से जास्त साचतात. साकोलीच्या मुख्य कार्यालयात मी कॉम्प्युटर सांभाळतो. चारचौघांत बसलो की लोक म्हणतात, "तुमच्या साहेबाचं काहीतरी सांगा जी." मला आठवावं लागत नाही, फक्त कुठं थांबायचं ते ठरवावं लागतं.

साहेब म्हणजे आमचे सचिव. निवृत्त मुख्याध्यापक. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत त्यांनी खुर्ची अशी काही धरून ठेवली आहे की आता खुर्चीच त्यांना सोडायला घाबरते.

आधी आमच्याकडे सगळं चोरीचं सॉफ्टवेअर होतं. ऑडिटरनं डोळे वटारले, तेव्हा मी ओपन सोर्सचं, म्हणजे फुकट पण कायदेशीर, ऑफिस सॉफ्टवेअर बसवलं. साहेबांना समजावलं की यात दोन प्रकार असतात. एक ताजी आवृत्ती, तिच्यात दर काही महिन्यांनी नवं काहीतरी येतं. दुसरी दीर्घ मुदतीची. तिच्यात नवं काही घालत नाहीत, पण ठरलेल्या मुदतीपर्यंत चुका दुरुस्त करत राहतात. ऑफिसला दुसरीच बरी.

साहेब म्हणाले, "म्हंजे तू आमाले शिळं देऊन राहिला."

"शिळं नाही साहेब, मुरलेलं."

लोणच्याचा विषय आहे असं वाटून ते खूश झाले आणि सही केली.

*

लाखांदूरच्या आमच्या शाळेचे मुख्याध्यापक मात्र हौशी. "सगळ्यांत नवी असन तेच टाकीन," म्हणाले आणि रविवारी शाळेत जाऊन स्वतःच ताजी आवृत्ती बसवली. सोमवारी बटणं इकडची तिकडं. त्यांना प्रिंटचं बटण सापडेना. मला फोन करायला लाज वाटली असावी.

मग त्यांनी तोड काढली. नोटीस टाइप करायची, मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढायचा आणि तो झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचा. आठवडाभर लाखांदूरहून आलेल्या प्रत्येक कागदावर मजकुराच्या मधोमध सरांचं टक्कल चमकत होतं. एवढं करून सर सगळ्यांना सांगत फिरले, "जिल्ह्यात आपलीच शाळा अपडेट हाय."

*

मुख्य कार्यालयात याच्या उलट. बडे बाबूंच्या, म्हणजे आमच्या हेडक्लार्कच्या, कॉम्प्युटरवर रोज सकाळी चौकट यायची, दुरुस्त्या आल्या आहेत, आता घ्यायच्या की नंतर? बाबू रोज 'नंतर' दाबायचे. वाचायचेही नाहीत.

मी विचारलं, "बाबू, काहून घेत नाही जी?"

"कोणाचं काम पहिल्या खेपेले केलं का म्या कधी?"

हे मात्र खरं होतं. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना ते जे सांगायचे, तेच त्यांनी कॉम्प्युटरला सांगितलं, उद्या ये. फरक एवढाच की कॉम्प्युटर खरंच रोज येत होता.

*

शेवटी त्या आवृत्तीची मुदत संपत आली. मी साहेबांना सांगितलं की आता तिच्या दुरुस्त्या बंद होणार, दीर्घ मुदतीचीच पुढची आवृत्ती घ्यावी लागेल. साहेबांचा चेहरा उतरला. 'मुदत संपणे' हे शब्दच त्यांना सोसत नाहीत.

"कोण म्हणते संपली? संस्था आपली हाय."

आणि बैठकीत ठराव आला, सदर आवृत्तीस दोन वर्षांची मुदतवाढ देण्यात येत आहे. सूचक होते, अनुमोदक होते, ठराव एकमतानं मंजूर झाला! तिकडं परदेशात बसून दुरुस्त्या करणाऱ्यांना आपली मुदत कोणी वाढवली याचा पत्ताही नव्हता. कोणी परस्पर बदल करू नये म्हणून साहेबांनी नवं काही बसवायला लागणारा पासवर्डही स्वतःकडे ठेवून घेतला.

*

इथपर्यंत मी हसत होतो. मग कोंढ्याच्या आमच्या शाळेचं प्रकरण आलं. शाळा सातवीपर्यंत. मुख्याध्यापिका मेश्राम मॅडम आठव्या वर्गाच्या मान्यतेसाठी झटत होत्या. सातवी झाली की पोरींनी पवनीला जायचं, आणि एसटीचा भरवसा नाही म्हणून निम्म्या पोरी घरीच बसायच्या. हे बघून मॅडमचा जीव तुटायचा. प्रस्ताव मुख्य कार्यालयातूनच पाठवायचा होता, म्हणून शेवटच्या दिवशी मॅडम कागद घेऊन साकोलीला आल्या होत्या. वरून आलेला नवा नमुना आमच्या जुन्या आवृत्तीत उघडला की अर्धा तक्ता पानाबाहेर जायचा.

मी पासवर्ड मागितला. साहेब म्हणाले, "ठराव हाय. बदलाचा असन तं बैठक लागन. बैठक धान कापणी झाल्यावर."

माझा नुसता संताप झाला. मॅडम मात्र शांतपणे समोरच्या खुर्चीत बसल्या.

"साहेब, आपल्या संस्थेत अर्ज केल्याबिगर मुदतवाढ भेटते का जी?"

"कदापि नाही. म्या स्वतः दर खेपेले अर्ज देल्ला."

"मंग या आवृत्तीनं देल्ला होता का?"

साहेब गंभीर झाले. त्यांनी बाबूंकडे पाहिलं. बाबूंनी फाइल काढली आणि थुंकी लावून एकेक पान उलटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं काम त्याच दिवशी केलं.

"नाही साहेब. तिनं अर्ज केलाच नाही."

"बेशिस्त," साहेब म्हणाले. "कार्यमुक्त करा तिले." आणि पासवर्ड लिहून दिला.

मी तिथंच पुढची आवृत्ती बसवली. तक्ता पानात बसला. प्रस्ताव गेला, पोच आली. मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

त्या निघाल्या तेव्हा साहेबांनी हाक मारली.

"मॅडम, चुकली असन ते. पण इतके वर्स सेवा केली तिनं. निरोप समारंभ तं ठेवा लागन."

"ठेवू ना साहेब," मॅडम म्हणाल्या. "आठव्या वर्गाच्या पोरी स्वागतगीत म्हणतीन."

साहेबांनी मान डोलावली आणि बाबूंना सांगितलं, "एक शाल आणून ठेवजा."